सिग्नलवाला नेमकं काय करतो? खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चोवीस वर्षं मी भारतीय सेनेच्या सिग्नल कोअरमध्ये काढली. निवृत्तीनंतर चोपडा तालुक्यातल्या माझ्या गावी परतलो, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पहाटे भरतीसाठी पळणारी पोरं मैदानावर गाठतात, त्यांचे आईवडील संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात. दर वेळी तोंडी सांगताना काही ना काही सुटून जातं, म्हणून एकदा लिहूनच काढलं.

पोरगा सिग्नलमध्ये आहे म्हणजे रेल्वेत आहे का?

भुसावळच्या आसपास हा गैरसमज अगदी साहजिक आहे. तिथे निम्म्या घरांत कोणी ना कोणी रेल्वेत असतो, आणि 'सिग्नल' म्हटलं की लाल-हिरवा दिवाच डोळ्यांपुढे येतो. रेल्वेचं सिग्नल खातं वेगळं. आपण बोलतोय ते सेनेच्या कोअर ऑफ सिग्नल्सबद्दल. सैन्यातला निरोप, आदेश, नकाशा, फोटो, हाक, काहीही एका जागेहून दुसऱ्या जागी वेळेत, बिनचूक आणि शत्रूच्या कानावर न पडता पोचवणं हे या दलाचं काम. कोअरचं बोधवाक्यच 'तीव्र चौकस' असं आहे. इतर पलटणींत ज्याला शिपाई म्हणतात, त्याला इथे सिग्नलमन म्हणत आले.

वरणगाव आणि भुसावळच्या आयुध कारखान्यांशीही याचा संबंध नाही. तिथे माल तयार होतो. आमचं काम मालाचं नाही, शब्दाचं.

हे दल कधी उभं राहिलं?

१५ फेब्रुवारी १९११. तो कोअरचा वाढदिवस. त्याआधी तारा ओढणं, खांब रोवणं, दिव्यांनी इशारे करणं ही कामं सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे इंजिनिअर मंडळी, आपल्या इतर कामांसोबत करत. लढाईचा पसारा वाढला तसं लक्षात आलं की पूल बांधणाऱ्याच्या गळ्यात निरोपाचीही जबाबदारी घातली तर दोन्हींचे हाल होतात. मग रॉयल इंजिनिअर्सच्या लेफ्टनंट कर्नल एस. एच. पॉवेल यांच्याकडे नवं दल उभारायचं काम आलं. पहिल्या दोन सिग्नल कंपन्या, ३१ आणि ३२, फतेहगढला उभ्या राहिल्या आणि पुढच्या दोन, ३३ आणि ३४, मार्च १९११ मध्ये अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर). हे मी मुद्दाम सांगतो. या दलाच्या मुळाशी महाराष्ट्राचीही माती आहे, आणि हे आपल्याकडच्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

पहिल्या महायुद्धात या कंपन्या फ्रान्सपासून मेसोपोटेमियापर्यंत गेल्या. स्वातंत्र्यानंतर, २६ जानेवारी १९५० पासून, 'इंडियन सिग्नल कोअर'चं नाव 'कोअर ऑफ सिग्नल्स' झालं. दलाचे पहिले भारतीय प्रमुख ए. सी. अय्यप्पा, १९५४ साली.

तारा नव्हत्या तेव्हा लढाईत निरोप कसे जायचे?

जासूद, हरकारे, सांडणीस्वार. मराठी माणसाला पानिपतचा निरोप सांगायला नको: दोन मोत्यें गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. १४ जानेवारी १७६१ ची लढाई, आणि नानासाहेब पेशव्यांना ही बातमी कळली नर्मदा ओलांडून पुढे गेल्यावर, भेलशाजवळ, सुमारे दहा दिवसांनी. ते सैन्य घेऊन मदतीला निघाले होते आणि ज्यांना मदत करायची ते आधीच पडले होते. त्या एका ओळीत सिग्नलवाल्याला दोन गोष्टी दिसतात. निरोप सांकेतिक होता, म्हणजे वाटेत कोणी फोडला तरी त्याला सावकारी हिशेबच वाटावा. आणि तो उशिरा पोचला.

नंतर आला हेलिओग्राफ. हे मला फार आवडणारं यंत्र. हेन्री मान्स नावाच्या माणसाने १८६९ मध्ये ते तयार केलं. तिकाटण्यावर बसवलेला आरसा, त्याला खटका. खटका दाबला की आरसा किंचित कलतो आणि उन्हाची तिरीप पार पलीकडच्या डोंगरावर चमकते. थोडी चमक म्हणजे टिंब, जास्त चमक म्हणजे रेघ. झाला मोर्स. चाळीस-पन्नास किलोमीटरवरून नुसत्या डोळ्यांनी वाचता यायचा. ना बॅटरी, ना तार. शिवाय ती तिरीप अरुंद असल्यामुळे बाजूच्या माणसाला काही दिसतही नसे. आपल्या मे महिन्यात सातपुड्याच्या दोन टेकड्यांवर उभं राहिलं तर काय लख्ख चालेल ते! ढग आले की मात्र बंद, आणि पावसाळ्यात तर नावच नको.

सिग्नलवाला दिवसभर करतो तरी काय?

याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, कारण कोअरमध्ये कामं अनेक.

लाइनवाले तारा टाकतात. केबलचा ड्रम पाठीवर, हातात पक्कड, आणि वाट म्हणजे नाला, काटेरी झुडपं, बर्फ, जे असेल ते. तार टाकणं एक वेळ सोपं. तुटलेली तार रात्री शोधणं अवघड. हातातून केबल सरकवत चालायचं, जिथे टोक हाताला लागेल तिथे जॉइंट मारायचा, फोन लावून दोन्हीकडे बोलून बघायचं आणि पुढे निघायचं. आपल्या शेतात रात्रीची लाइट आली की मोटारीची केबल कुठे जळाली ते बॅटरीच्या उजेडात शोधतो ना, तसंच. फक्त इथे बॅटरी लावायची सोय नसते.

ऑपरेटर सेटवर बसतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हा नुसता कानाला हेडफोन लावून बसलाय. पण तो एकाच वेळी खरखरीतून आवाज निवडतो, लिहितो, वेळ टाकतो आणि समोरच्याला तेच परत वाचून दाखवतो. चार-पाच किलोमीटरच्या बोलण्याला व्हीएचएफ सेट चालतो, पण त्याच्या लहरी सरळ जातात, मध्ये डोंगर आला की संपलं. लांबच्या बोलण्याला एचएफ. त्याच्या लहरी आकाशात खूप उंचावरच्या विद्युतभारित थराला आपटून परत जमिनीवर येतात. तो थर सूर्याच्या किरणांनी घडतो, त्यामुळे दिवसा जी फ्रिक्वेन्सी चालते ती रात्री चालत नाही. सूर्य मावळला की खालच्या फ्रिक्वेन्सीवर उतरायचं. नवा ऑपरेटर हे विसरतो आणि सेट बिघडला म्हणून तक्रार करतो. मीही पहिल्या वर्षी केली आहे. माझ्या उस्तादांनी काही न बोलता मला बाहेर नेलं, मावळतीकडे बोट दाखवलं आणि परत आत पाठवलं.

साइफरवाले निरोप गुप्त भाषेत बसवतात आणि उलगडतात. मेकॅनिक सेट दुरुस्त करतात. डीआर, म्हणजे डिस्पॅच रायडर, मोटारसायकलवरून कागद पोचवतात. काही माणसं शत्रूच्या लहरींवर लक्ष ठेवतात. आता कॉम्प्युटरचं नेटवर्क आणि सायबर सुरक्षा सांभाळणारेही आहेतच.

आणि उंचावर असाल तर यातल्या प्रत्येकाचं आणखी एक काम असतं: बॅटरी जिवंत ठेवणं. थंडीत बॅटरी झपाट्याने बसते. म्हणून रात्री ती स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी धरून झोपायचं. माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लेकरागत शे मंग ते." बरोबरच होतं तिचं.

पलटणीतला वायरलेसवालाही सिग्नल कोअरचाच असतो का?

नाही. इन्फन्ट्रीच्या पलटणीला स्वतःची सिग्नल प्लाटून असते, ती माणसं त्या पलटणीचीच. ब्रिगेडला, म्हणजे काही पलटणींच्या गटाला, सिग्नल कंपनी आणि डिव्हिजनला, म्हणजे काही ब्रिगेडींच्या गटाला, सिग्नल रेजिमेंट, ते आमचे. म्हणजे पलटणीपासून वरची सगळी साखळी आमच्याकडे.

बसून फोन घ्यायचं काम, त्यात धोका नाही ना?

हा प्रश्न मुलींचे वडीलही विचारतात आणि मुलांच्या आयाही. 'धोका नाही' असं ऐकायचं असतं त्यांना. मी तसं सांगत नाही.

२० ऑक्टोबर १९६२. आताच्या अरुणाचल प्रदेशातल्या नामका चू नदीकाठी आपल्या ७ इन्फन्ट्री ब्रिगेडवर पहाटे चिनी तोफांचा मारा सुरू झाला. तारा तुटल्या आणि कोण कुठे आहे, कोण उरलंय, हे वरच्यांना कळेनासं झालं. ४ डिव्हिजनच्या सिग्नल रेजिमेंटचे कमांडर लेफ्टनंट कर्नल के. के. तिवारी आपल्या माणसांना भेटायला त्याच आघाडीवर गेले होते. ते चिन्यांच्या हाती सापडले आणि कित्येक महिने कैदेत राहिले. डिव्हिजनचा सिग्नल कमांडर मागे सुरक्षित बसलेला असतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

कारणही सरळ आहे. शत्रूला पलटण मोडायची असेल तर हजार माणसं मारण्यापेक्षा त्यांचा आवाज बंद करणं स्वस्त पडतं. सेट चालू केला की तो नुसता बोलत नाही, 'मी इथे आहे' असं ओरडूनही सांगतो. दोन-तीन ठिकाणांहून दिशा मोजली की जागा सापडते आणि मग तिथे तोफगोळे येतात. म्हणून एरियल माणसांपासून दूर लावतात, थोडक्यात बोलतात आणि जागा बदलत राहतात.

दुसरा धोका अंगाला लागणारा नाही. ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला मेजर सोमनाथ शर्मांनी ब्रिगेडला वायरलेसवरून शेवटचा निरोप दिला: शत्रू जवळ आलाय, आम्ही मागे हटणार नाही. काही क्षणांतच ते गेले. देश त्यांना पहिले परमवीर चक्र विजेते म्हणून ओळखतो, ओळखलंच पाहिजे. पण मी सेटवर बसलेला माणूस आहे, म्हणून मला दुसऱ्या टोकाचाही विचार येतो. तो निरोप कानावर घेणारं कोणीतरी तिकडे होतं, आणि त्यानंतरची शांतताही त्यानेच ऐकली.

मी स्वतः कितीतरी मृत्यूचे निरोप पुढे पाठवले. नाव, नंबर, गाव, जवळचा नातेवाईक. अक्षर चुकवायचं नाही, कारण एका आकड्याची चूक म्हणजे भलत्याच दारात आकांत. पूर्वी आपल्याकडे 'तार आली' एवढं ऐकलं तरी बायका वाचण्याआधीच रडायला लागत. २०१३ च्या जुलैमध्ये तारेची सेवा बंद झाली. सैन्यातला तो निरोप बंद झालेला नाही.

आम्ही अहिराणीत बोललो तर शत्रूला काय कळणार?

"काय करी ऱ्हायना भाऊ?" हे लाहोरच्या माणसाला कळणार नाही, खरंय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन दलाने नवाहो आदिवासींना घेऊन असा प्रयोग केला होता आणि तो यशस्वी झाला. पण ती नुसती बोलीभाषा नव्हती. नवाहो शब्दांवर त्यांनी वेगळा संकेत रचला होता, त्यामुळे संकेत न शिकलेल्या नवाहो माणसालाही तो निरोप उलगडत नसे.

नुसती मातृभाषा म्हणजे गुप्तता नव्हे. आज बोलणं रेकॉर्ड होतं, ते समजणारा माणूस उद्या सापडतो. शिवाय तुमचा अर्थ कळला नाही तरी तुमची जागा कळतेच. म्हणून रेडिओच्या नेटवर, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या सेटांच्या जाळ्यावर, ठरलेलीच पद्धत, ठरलेलाच कॉलसाइन, म्हणजे सेटवरचं नाव. अहिराणी लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या जेवणघरात, बोलावी. तिथे ती फार गोड लागते. घरापासून दोन हजार किलोमीटरवर पारोळ्याचा एखादा भाऊ भेटला आणि त्याच्या तोंडून पहिलं वाक्य ऐकलं की डोळ्यांत पाणी येतं, हे मी अनुभवलंय.

शत्रूचं बोलणं ऐकणं हेही सिग्नलचंच काम का?

बऱ्याच अंशी हो. सर्वात ठळक उदाहरण १९७१ चं. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसमध्ये मोठी बैठक होणार असल्याचा वायरलेस निरोप आपल्या लोकांनी पकडला. काही तासांतच हवाई दलाच्या मिग-२१ विमानांनी त्याच इमारतीवर हल्ला केला. पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा दिला, आणि दोनच दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाका पडलं. फौजा लढल्याच, मुक्तिवाहिनी लढली, पण कानाला हेडफोन लावून बसलेल्या त्या माणसांचाही या विजयात वाटा आहे. बांगलादेशच्या लढाईवर गावात दर डिसेंबरला भाषणं होतात, त्यांत मी तो आजवर ऐकलेला नाही.

कारगिलच्या वेळी, मे १९९९ मध्ये, बीजिंगला गेलेले मुशर्रफ आणि रावळपिंडीतले त्यांचे जनरल अझीझ यांचं टेलिफोनवरचं बोलणं भारताने पकडलं, ते मात्र गुप्तचर संस्था 'रॉ'चं काम. लोक दोन्हींची सरमिसळ करतात. धडा एकच: साध्या फोनवर बोलणारा जनरलही उघडा पडतो.

आता सगळ्यांकडे मोबाइल आहे, मग वेगळं दल कशाला?

मोबाइल टॉवरवर चालतो. टॉवर विजेवर आणि केबलवर. पहिल्याच दिवशी कोणीतरी टॉवर पाडला तर? सातपुड्यात तोरणमाळच्या बाजूला गेलं की शांततेच्या काळातही रेंज जाते, तर सीमेवर काय भरवसा धरायचा!

म्हणून सैन्याची स्वतःची जाळी असतात. ८० च्या दशकात 'अरेन' नावाची रेडिओ जाळ्याची योजना आली, ती सैन्याबरोबर पुढे सरकू शकत असे. मागच्या ठाण्यांसाठी 'एस्कॉन'. सेट बनवायला बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स, १९५४ मध्ये स्थापन झालेली. पुढे मोबाइल कंपन्यांना लहरींची जागा हवी होती. ती सैन्याने मोकळी करायची आणि त्या बदल्यात सैन्यासाठी स्वतंत्र ऑप्टिकल फायबरचं जाळं घालून द्यायचं, असं ठरलं. ते काम बीएसएनएलकडे गेलं. आपण हातात धरलेल्या फोनच्या वेगामागे सैन्याने सोडलेल्या लहरीही आहेत.

निरोप नेणारी कबुतरं खरंच होती का?

होती. १९४६ मध्ये सैन्याने दोनशे कबुतरं ओडिशा पोलिसांना दिली आणि तिथे ती पुढे कित्येक दशकं कामाला होती.

२६ जानेवारीला मोटारसायकलवर मनोरे करणारे तेच का?

हो, 'डेअर डेव्हिल्स' हा आमचाच चमू, जबलपूरला १९३५ मध्ये सुरू झालेला. ती सर्कस नव्हे. डीआरला खडबडीत वाटेवर, अंधारात, एका हाताने गाडी सांभाळता यावी लागायची. त्या कसबाचं ते प्रदर्शन.

प्रशिक्षण कुठे होतं? लांब पडेल का?

खानदेशाला याहून सोयीचं काही नाही. जवानांचं मुख्य केंद्र जबलपूरला, १ सिग्नल ट्रेनिंग सेंटर. भुसावळला गाडीत बसायचं, खंडवा, इटारसी आणि जबलपूर. दुसरं केंद्र गोव्याला. अधिकाऱ्यांचं आणि वरच्या तांत्रिक शिक्षणाचं कॉलेज महूला, १९४६ पासून. १९६७ मध्ये त्याचं नाव मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग झालं. महू म्हणजे आपला आग्रा रोडच. धुळे, शिरपूर, पळासनेर, सेंधवा, घाट चढला की आलंच. सुभेदार रामजी सकपाळ ज्या छावणीत होते आणि १८९१ मध्ये बाबासाहेबांचा जन्म झाला, तीच ही छावणी.

आमच्या समाजाच्या पोराला घेतात का?

घेतात. मराठा लाइट इन्फन्ट्री किंवा महार रेजिमेंटसारखी सिग्नल कोअरची घडण एखाद्या नावावर झालेली नाही. इथे सगळे प्रांत, सगळे समाज एकत्र. माझ्या प्लाटूनमध्ये एक पावरा होता धडगावकडचा, एक लेवा पाटील, एक तमिळ, एक गढवाली. सेटवर आवाज ओळखू येतो, आडनाव नाही.

मुलींना जागा आहे का?

अधिकारी म्हणून आहे, आणि चांगली आहे. १७ फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्त्री अधिकाऱ्यांच्या कायम नेमणुकीचा रस्ता पक्का केला. २०१९ च्या प्रजासत्ताक दिनी कॅप्टन शिखा सुरभी 'डेअर डेव्हिल्स'च्या पथकात मोटारसायकलवर उभी राहून सलामी देत गेल्या. २०२० च्या सेना दिनी कॅप्टन तानिया शेरगिल परेड ॲड्जुटंट होत्या, त्याही सिग्नलच्या, आणि इंजिनिअरिंग शिकलेल्या नागपूर विद्यापीठातून. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या आपल्या जळगाव-धुळ्याच्या मुलींनी कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आधी याचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

भरतीची तयारी कशी करावी?

२०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून होते. चार वर्षं सेवा, त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत पुढे कायम. आता आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग मैदान. आपली पोरं पळण्यात कमी पडत नाहीत, गणित आणि विज्ञानात पडतात. तांत्रिक जागांसाठी बारावीचं भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. पहाटे पळा, पण रात्री पुस्तक उघडा. आणि पैसे घेऊन 'सिग्नलमध्ये लावून देतो' म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. कोणत्या शाखेत जायचं ते सेना ठरवते.

१९४६ ला जबलपूरला बंड झालं होतं, हे खरं का?

खरं, आणि याविषयी सांगायला मला कधी कंटाळा येत नाही, कारण विचारणारे फार थोडे.

फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईला नौदलाच्या खलाशांनी उठाव केला, तो शाळेत शिकवतात. तो मिटून चार दिवस होत नाहीत तोच, २७ फेब्रुवारीला, जबलपूरच्या सिग्नल केंद्रातले जवान कामावर न जाता मिरवणुकीने बाहेर पडले. हातात काँग्रेस आणि मुस्लिम लीग, दोन्हींचे झेंडे. तोंडी जय हिंद. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचे खटले, खलाशांवरचा गोळीबार, गोऱ्या सैनिकापेक्षा कमी पगार, वाईट जेवण, अशी कारणं साठत गेली होती. शिवाय ही माणसं शिकलेली, तांत्रिक. सेट त्यांच्याच हातात, देशात काय चाललंय ते त्यांना इतरांआधी कळत होतं. सुमारे सतराशे जण यात सामील झाले. गोऱ्या पलटणींनी संगिनी लावून त्यांना आवरलं, पुष्कळ जखमी झाले. नंतर काहींवर कोर्ट मार्शल झालं आणि कितीतरी जणांना पेन्शनशिवाय घरी पाठवलं. दीड वर्षात देश स्वतंत्र झाला, तोवर ते आपापल्या गावी शेतात राबायला लागले होते.

आमचे आजोबा सिग्नलमध्ये होते म्हणतात. नोंद कुठे मिळेल?

सिग्नल्सचं अभिलेख कार्यालय जबलपूरला आहे, जुनी सेवानोंद तिथे विचारायची. त्यासाठी सैनिक क्रमांक लागतो. तो डिस्चार्ज बुकवर, पेन्शनच्या कागदावर, नाहीतर पदकाच्या कडेवर कोरलेला सापडतो. पदक मोडीत घालण्याआधी कड भिंगातून बघा. क्रमांक मिळाला की जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अर्ज कसा करायचा ते सांगतात.

आणि एक. घरातल्या पत्र्याच्या पेटीत १९४६ चा, जबलपूरचा, सेवेतून काढल्याचा कागद सापडला, आणि म्हातारे त्याविषयी जन्मभर गप्प राहिले असतील, तर लाजून तो जाळू नका. वरच्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा एकदा वाचा आणि मग मला दाखवायला घेऊन या.